आईच्या फोनमधली कावीळ

८ एप्रिल, बुधवार

करायला नको होतं ते केलंय. पहिल्याच पानावर लिहून टाकतो, म्हणजे पुढे लपवायचं टेन्शन नको.

आईच्या फोनमध्ये ते एक बटण असतं ना, डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून स्क्रीनचा निळा उजेड कमी करायचं, ते मी गुपचूप चालू केलं. नुसतं चालू नाही केलं, पट्टी ओढून पार टोकाला नेली. आता तिच्या फोनमध्ये सगळं पिवळं दिसतं. माणसं, भांडी, देव, सगळं.

कारण काय, तर तिने बाबांना फोनवर सांगितलं की मी बारावीचा फॉर्म परत भरला नाही. सांगायची काय गरज होती? बाबा तिकडे गुजरातला, दहेजला असतात, केमिकल कंपनीत ऑपरेटर. इथली कंपनी बंद पडल्यापासून तिकडेच. गणपतीला येतात, दिवाळीला येतात, बस. तिकडून ते काय ओरडणार? स्क्रीनवर नुसते गप्प बसतात. ते गप्प बसले की मला जास्त लागतं.

ही आयडिया दुकानात शिकलो. उल्हासनगरला माझे सिंधी मालक हरेशसाईं, त्यांच्या दुकानात मी मोबाईलला काच लावतो, कव्हर विकतो. मधूनमधून एखादं गिऱ्हाईक येतं, "अरे, डिस्प्ले पिवळा पडला." साईं फोन हातात घेऊन मयतीला आल्यासारखं तोंड करतात. "छोड़ के जाओ, शाम को आना." गिऱ्हाईक पायरी उतरलं की मला बोलतात, "विनीत, बंद कर." मी एका बोटाने बंद करतो. मग संध्याकाळपर्यंत तो फोन गादीवर आराम करतो आणि मी उभा.

ही डायरी पण साईंनीच दिली. गेल्या वर्षीची आहे, वार जुळत नाहीत. खोडून लिहितोय.

९ एप्रिल

सकाळी आई रेसिपी बघत होती. बोलली, "हे दही असं पिवळं काय?" फोन लांब धरला, जवळ धरला, पदराने पुसला. मी बाथरूममध्ये जाऊन हसलो, नळ सोडून.

खरी मजा संध्याकाळी. बाबांचा व्हिडिओ कॉल आला.

"अहो, तुम्ही पिवळे दिसताय."

"इथं सगळेच दिसतात. बल्ब तसा आहे."

"बल्ब नाही. डोळे दाखवा. खालची पापणी ओढा. आता जीभ."

बाबांनी खरंच जीभ काढली. मागे त्यांच्या खोलीतला कोंडाजी काका बनियन वाळत घालत होता. बाबांनी त्याला विचारलं, "कोंडाजी, माझी जीभ पिवळी आहे का रे?"

"वैनी, जीभ त्याची लाल आहे. पान खातो तुम्हाला चोरून."

बाबांनी पटकन जीभ आत घेतली. आई हसली नाही. मला वाटलं पानावरून भडकेल, तर तेही नाही. बोलली, "कावीळ आहे ही."

१२ एप्रिल, रविवार

दिवसभर मोबाईलला ग्लास लावून अंगठे सुन्न झालेत. पण एक गोष्ट लिहायचीय.

आईचा नेट संपला म्हणून ती शेजारच्या राजसीकडे गेली, तिच्या फोनवरून बाबांना कॉल लावला. मला वाटलं, संपली आपली मजा, तिकडे बाबा नॉर्मल दिसणार. भिंतीला कान लावून बसलो. गॅस, पाणी, माझ्या बहिणीचा, कीर्तीताईचा पाचवा महिना, सगळं बोलली. काविळीचं नाव नाही. मध्ये एकदा हसली पण.

घरी आल्यावर विचारलं, "कसे आहेत बाबा?"

"कसे असणार. पिवळे."

राजसीच्या फोनला तर मी हात पण लावला नव्हता. ती पोरगी फोन झोपेतसुद्धा सोडत नाही. काही कळलं नाही. एकदा माणसाच्या डोक्यात बसलं की बसलं.

१५ एप्रिल

तीन दिवस झाले, घरात हळद बंद. तेल बंद. कावीळ बाबांना, दहेजला, आणि उकडलेला दुधी मला, अंबरनाथला. विचारलं तर बोलली, "त्यांच्यासाठी सवय करते आहे. ते आले की असंच जेवायचंय."

"येणार आहेत?"

"आजारी माणूस घरी नाही येणार तर कुठे जाणार?"

वैतागून मी आज ती अंघोळीला गेल्यावर बटण बंद केलं. फोन परत पहिल्यासारखा. पांढरं ते पांढरं. जगातला सगळ्यात फालतू प्रँक, माझ्याच ताटात येऊन पडला.

संध्याकाळी मी मुद्दाम तिच्या मागे उभा राहिलो. बाबा एकदम झक्कास दिसत होते, गालावर दाढीचे खुंट सुद्धा मोजता आले असते.

आई बोलली, "आज तर जास्तच दिसताय."

मी खाली वाकून स्क्रीन बघितली. बंदच होतं.

१७ एप्रिल

कोंडाजी काका कॉलवर बोलला, "वैनी, कंपनीत डॉक्टर आहे, उद्या रक्त तपासून घेतो ह्याचं."

आई अशी काय चवताळली! "कंपनीच्या डॉक्टरला काय कळतंय? रक्त काढून अजून अशक्तपणा येईल. कावीळ माळेनेच उतरते. रजा टाका आणि या."

ही तीच बाई आहे जी मला दोन शिंका आल्या तरी डॉक्टरकडे नेते आणि वर सांगते, "इंजेक्शन द्या, गोळ्या हा थुंकतो."

२१ एप्रिल, मंगळवार

बाबा आले. बॅग मोठी आणली आहे, म्हणजे राहणार.

दारात उभे राहिले तेव्हा मी नीट बघितलं. काळे पडलेत, बारीक झालेत, पिवळे नाहीत. आईने पण बघितलं. किती वेळ बघत होती. मग बोलली, "बघ, डोळ्यांत अजून आहे."

बाबा बोलले, "असेल."

लगेच माळ आली. आमच्या कीर्तीताईचं सासर बदलापूरजवळ चामटोलीला. तिच्या सासूबाईंनी, कौसाबाईंनी, पुढच्या वाडीतल्या वेणूबाईकडून आणून पाठवली. वेणूबाई काविळीची माळ देते. कसल्यातरी झाडाच्या बारीक काड्या दोऱ्यात गाठी मारून ओवलेल्या असतात. आधी एवढीशी असते, डोक्यावर टोपीसारखी ठेवायची. कावीळ उतरत जाते तशी माळ मोठी होते आणि खाली सरकते. डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर, मग काढून झाडाला टांगायची. ओल्या काड्या वाळल्या की बारीक होणार आणि दोरा ढिला पडणार, एवढं मला पण कळतं, पण मी कोण बोलणारा? मी तर कावीळ लावणारा.

बाबा डोक्यावर माळ ठेवून पेपर वाचत होते. मी फोटो काढला. स्टेटसला नाही ठेवला. हिंमत नाही झाली.

२६ एप्रिल

बाबांनी मिक्सर दुरुस्त केला. माझ्या चपलेला खिळा मारला. फॉर्मबद्दल एवढंच बोलले, "ऑक्टोबरला भरशील का?" मी हो बोललो. समोर बसून विचारलं तर नाही बोलता येत नाही.

संध्याकाळी दोघं देवळाकडे फिरायला जातात. आजारी माणसाची बायको गजरा माळते हे मी पहिल्यांदाच बघितलं. जेवायला अजून दुधीच आहे, पण काल रात्री पातेल्यात तळाला चमचमीत रस्सा सापडला. दोघांनी मला झोपवून खाल्लेला दिसतो.

५ मे

बाबा परत दहेजला गेले. माळ छातीपर्यंत आली, आईने ती खिडकीबाहेरच्या बदामाला टांगली. मग कौसाबाईंना फोन. "माळेनेच उतरली हो विहीणबाई! वेणूबाईंच्या हाताला यश आहे." पूर्ण बिल्डिंगला ऐकू गेलं. खालच्या मजल्यावरच्या काकांनी वेणूबाईचा पत्ता लिहून घेतला.

बाबांचा टॉवेल दोरीवर तसाच आहे. आई काढत नाही.

मी सांगणार होतो खरं. आज नको, उद्या, असं करत करत तोंडाला गंज चढला. आणि सांगून काय? माणूस बरा होऊन गेला. त्याला काही झालंच नव्हतं ही बातमी कोणाला हवीय?

१२ मे, मंगळवार

कीर्तीताईला कावीळ झाली.

आधी मी हसलो. खरं सांगतो, हसलो. वाटलं, तिच्या पण फोनमध्ये कोणीतरी. मग आईचं तोंड बघितलं.

ताई काही खात नाही, उलट्या करते, खाज येते सगळ्या अंगाला. पोटात बाळ. आणि तिच्या डोक्यावर वेणूबाईची माळ.

आई फोनवर बोलत होती, "विहीणबाई, दोन जिवांची आहे, डॉक्टरला दाखवून घ्या ना." फोन स्पीकरवर होता. तिकडून कौसाबाई बोलल्या, "डॉक्टर गोळ्या देल. पोटात पोर हाय, गोळ्या कशा चालतील? माळंत काय गोळी हाय? तुमच्यांचा तर माळेनंच उतरला ना? तुम्हीच बोललाव."

आईने "बरं" बोलून फोन खाली ठेवला. आमची आई, जी भाजीवाल्याला शेवटचं वाक्य बोलू देत नाही.

१४ मे

आई जेवत नाही. ताईच्या नवऱ्याला, महेंद्र भावजींना, दोनदा फोन केला. ते बोलले, "मी काय करू, घरात सगळं आई बघते. आणि तुमच्याकडे गुण आला ना माळेने." मग हिने फोन ठेवला.

मी विचारलं, "आई, तू नीट ओरडून का नाही सांगत त्यांना? एरवी तर."

"काय सांगू?" बोलली. "काय सांगू रे मी?" आणि भांडी घासायला गेली. भांडी घासलेलीच होती, तीच परत घासली.

दुकानात आज एका फोनला काच लावताना आत केस राहिला. साईं बोलले, "क्या हुआ, घर पे सब ठीक?" मी बोललो, ठीक. एका बोटाने मी काय करून बसलो ते कोणाला सांगू.

१५ मे, शुक्रवार

हे लिहायला हात चालत नाहीये, पण आजचं राहिलं तर उद्या मीच मला खोटं सांगेन.

सकाळी मी दुकानाला निघालो तर आई दारात आडवी. "आज दुकान नको. चामटोलीला जा."

"मी जाऊन काय करू?"

"तुला फोनमधलं कळतं ना? मग जा." आणि स्वतःचा फोन माझ्या हातात कोंबला. "हा घेऊन जा."

फोनमधल्याचा आणि ताईच्या काविळीचा काय संबंध, मला काही कळलं नाही. वाटलं फोटो काढून आणायचे असतील. चार्जर पण घेतला सोबत.

बदलापूरहून रिक्षाने गेलो. ओटीवर खाट टाकलेली, ताई तिच्यावर. माळ गळ्यात आलेली. मी जवळ गेलो तर तिने डोळे उघडले. डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा नव्हता. आईचा फोन माझ्या खिशात होता, बंद. मध्ये कुठली स्क्रीन नव्हती. तरी ती पिवळी होती.

"विनू, आलास?" एवढंच बोलून ताई धापा टाकायला लागली.

कौसाबाई चहा घेऊन आल्या. "बस. टेन्शन नको घेव. माळ गळ्यापर्यंत आली, चार दिसांत उतरल."

"काकू, दवाखान्यात नेऊ या."

"परत तोच? तुझ्या बापाचा उतरला का नाय? सांग. उतरला का नाय?"

भावजी दारात उभे, ताईची नणंद चुलीपाशी, सगळे माझ्याकडे बघत होते. शाळेत फळ्यासमोर उभं केलं की मला असंच व्हायचं. तेव्हा मी जोक मारायचो. आज जोक आठवेना.

"बाबांचं उतरलं नाही," मी बोललो. "कारण चढलंच नव्हतं. त्यांना कावीळ नव्हतीच काकू. मी लावलेली."

"कावीळ काय लावायची वस्तू हाय का? मेंदी हाय?"

मी फोन काढला. बटण चालू केलं, पट्टी टोकाला नेली, पुढचा कॅमेरा उघडून त्यांच्यासमोर धरला. "हे बघा. तुम्हाला झाली."

कौसाबाईंनी स्क्रीनमध्ये बघितलं. पदराने तोंड पुसलं. परत बघितलं. खालची पापणी ओढली. "अगो बाय! सकालला नव्हती."

"आता उतरवतो." एक बोट. "उतरली. माळ पण नको."

त्या बोलल्या, "परत कर."

परत केलं. मग त्यांनी मला भावजींवर करायला लावलं. मग बाहेर बांधलेल्या शेळीवर. शेळीला कावीळ झाली, शेळीची उतरली. ताईची नणंद खुदकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. कौसाबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला, "कुठं दाबतोस ते दाखव," आणि स्वतःच्या बोटाने चालू केलं, बंद केलं, चालू केलं, बंद केलं.

"आता बंद हाय ना?"

"बंद."

"नक्की?"

"शेळी बघा. पांढरी आहे."

त्यांनी शेळी बघितली. मग मी मागचा कॅमेरा लावून दिला आणि त्यांनी फोन तसाच धरून खाटेकडे वळवला.

स्क्रीनमध्ये उशीचा अभ्रा पांढरा होता. भिंतीचा चुना पांढरा होता. मध्ये ताई पिवळी.

कौसाबाईंनी अजून एकदा बटण दाबलं, त्यांना वाटलं चालूच राहिलं असेल. चालू झालं, परत बंद केलं. ताई पिवळीच.

"महेंद्रा!" त्या अशा ओरडल्या की शेळी उठून उभी राहिली. "उभा काय हायेस? गाडी काढ!"

माळ त्यांनी स्वतः काढली ताईच्या गळ्यातून, खुंटीला टांगली आणि जाता जाता माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. तो बरोबर होता. अजून दुखतोय, दुखू दे.

१६ मे

सरकारी दवाखाना. ताईला बाटली लावलीय. डॉक्टर मॅडम बोलल्या, गरोदरपणात ही कावीळ वाईट, अजून दोन दिवस गेले असते तर कठीण होतं. बाळाचे ठोके ऐकवले. पायऱ्या चढून दमलेल्या माणसासारखे वाजतात, पण वाजतात.

बाहेर बाकावर कौसाबाई शेजारी येऊन बसल्या. मग हळूच, "तुझ्या आयला म्हाईत होता का र ह्या?"

"छे काकू. तिला फोनमधलं काय कळतं? आवाज कमी करायला पण मला हाक मारते."

"आनि फोन कोनी दिला तुझ्या हातात?"

"आईनेच. फोटो काढायला."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, माझ्या तोंडावर काहीतरी लिहिलंय असं. "हां," बोलल्या. "लय येडा हायेस." मग डब्यातली भाकरी दिली. "विहीणबाईंना मी काय बोलनार नाय. तू पन नको बोलू."

मला तेच हवं होतं. पाया पडलो.

२४ मे

ताईचे डोळे निवळलेत. आज तिने मला शिवी दिली, म्हणजे सुधारतेय. बाबा दोन दिवस धावत येऊन गेले.

घरी आईला फोन परत दिला तेव्हा तिने विचारलं नाही, चामटोलीला काय झालं, कौसाबाई एकदम कशा तयार झाल्या. काहीच नाही. माझ्या ताटात हळद घातलेली आमटी वाढली, भरपूर तेलाची फोडणी. मग डोक्यावरून हात फिरवला. बारावीत नापास झालो तेव्हासुद्धा फिरवला नव्हता. कशाबद्दल, विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

१२ जून, शुक्रवार

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. दुकान, ग्लास, घर. ताई घरी गेली. पाय दुखतात.

आज संध्याकाळी बाबांचा कॉल आला. मी आईच्या मागे पडून होतो. मान वर करून बघितलं तर स्क्रीन पिवळी. बाबा पिवळे, कोंडाजी काका पिवळा, त्याचं बनियन पिवळं. पट्टी टोकाला असल्याशिवाय एवढं होत नाही.

मी हात नाही लावलेला. शप्पथ. ताईची शप्पथ.

अपडेट आला असणार. अपडेटमध्ये सेटिंग इकडचं तिकडे होतं, आम्हीच सांगतो गिऱ्हाइकांना. तसंच असणार.

आई बोलली, "अहो, परत जरा दिसताय हां."

मी वाट बघत होतो, आता बाबा बल्ब बोलतील, जीभ काढतील. काही नाही. बाबा लगेच बोलले, "हो. मला पण वाटतंय."

"माळबीळ नाही हं आता. इथल्या डॉक्टरलाच दाखवायचं. आणि इकडे एमआयडीसीत कुठे जागा निघतेय का तेही बघायचं. रजा टाका."

"टाकतो."

कोंडाजी काका मागून ओरडला, "वैनी, मला पण होतेय वाटतं, माझ्या बायकोला सांगा!" तिघं हसले. मला जोक कळला नाही.

कॉल संपल्यावर आईने फोन माझ्याकडे दिला नाही. उशीखाली सरकवला आणि दोरीवरचा बाबांचा टॉवेल धुवायला घेतला.

ते बटण कुठे आहे मला माहीत आहे. एक बोट लागतं. दिवसभर मी लोकांचं तेच करतो. पण मी नाही करणार बंद. दमलोय मी, आणि बाबा येतायत.

तू जो कोण हे वाचत असशील, ताई, राजसी, साईं, नाहीतर ही डायरी रद्दीवाल्याकडून घेतलेला अजून कोणी, हात जोडतो तुला. आईला सांगू नको की पहिल्यांदा ते मी केलेलं. तिचा जीव जाईल. बाबांना तर बिलकुल नको, त्यांना अजून वाटतं त्यांना कावीळ झालेली. आणि कधी आमच्याकडे आलास, तिचा फोन हातात आला आणि पिवळा दिसला, तर दिसू दे. बंद करू नको यार. कोणाला सांगू पण नको. पाया पडतो.